आधी कोहळ्यावर, मग माणसावर

मित्रहो, पित्ताशयाची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणाची ना कुणाची झाली असेल. त्यातला एकच टप्पा आज जवळून बघू. पित्ताशयाची पिशवी यकृताला खालून चिकटलेली असते. डाव्या हाताने ती ताणून धरायची आणि उजव्या हातातल्या विजेच्या हुकाने मधला पातळ पापुद्रा जाळत जायचं. हुक जरासा पिशवीकडे सरकला तर पिशवीला भोक पडून पित्त पोटात सांडतं, यकृताकडे सरकला तर रक्त येतं. आणि नजर हातांकडे नाही, पडद्याकडे! हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं.

मी हे थेट माणसाच्या पोटात शिकलो. पहिल्याच खेपेला पिशवी फुटली. वरिष्ठांनी पोट धुऊन काढलं, रुग्ण सुखरूप घरी गेला. पण पडद्यावर पसरलेलं ते हिरवट पित्त मी विसरलेलो नाही. एक बघा, एक करा, एक शिकवा, अशीच आमची रीत होती. ती चांगली की वाईट, हे कुणी तपासलंच नव्हतं. साध्या खोकल्याचं नवं औषध आपण चाचणीशिवाय बाजारात येऊ देत नाही, आणि डॉक्टर घडवायची पद्धत मात्र वहिवाट म्हणून चालते.

म्हणून अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली एक चाचणी मला फार मोलाची वाटते. नील सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2002 साली प्रसिद्ध केली. शल्यचिकित्सेचे 16 निवासी डॉक्टर घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. कोण कुठल्या गटात, हे औषधांच्या चाचणीत ठरतं तसं यादृच्छिक पद्धतीनेच, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलं. एक गट नेहमीच्या रीतीने शिकला. दुसऱ्या गटाने त्याशिवाय संगणकावर सराव केला. त्या पडद्यावर पित्ताशय नव्हतंच, साधे भौमितिक आकार होते: एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने नेमक्या जागी जाळायचं. किती तास सराव करायचा, हे ठरवलेलं नव्हतं. आधी अनुभवी सर्जनांना त्याच यंत्रावर बसवून त्यांची पातळी मोजली आणि शिकणाऱ्याने ती गाठेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं. माझ्या काळच्या लॉगबुकात फक्त किती शस्त्रक्रिया केल्या, ते लिहायचो. कशा केल्या, हा रकानाच नव्हता.

मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णावर तोच पापुद्रा सोडवला. सोबतच्या वरिष्ठ सर्जनला आणि नंतर चित्रफीत तपासून चुका मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला, याचा पत्ता नव्हता. सराव केलेल्यांचं काम 29 टक्के लवकर झालं. पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता सराव न केलेल्यांत पाचपट होती, आणि एकूण चुका सरासरी सहापट.

फक्त 16 जण, शस्त्रक्रियेचा एकच टप्पा. एवढ्यावरून सगळं सिद्ध झालं, असं मी म्हणणार नाही. शिक्षणाच्या चाचण्या अवघडच असतात. गोळी घेणाऱ्याला ती खरी की खोटी हे कळू न देता येतं, शिकणाऱ्यापासून तो काय शिकतोय हे कसं लपवणार? शिवाय एका वसतिगृहात राहणारी मुलं रात्री एकमेकांना सगळं सांगतात आणि गटांची सरमिसळ होते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सरावावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, काकडी. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. टाके घालायला जाड कापडाचा काठ. आणि डाग द्यायला, म्हणजे आमच्या त्या हुकाच्याच कामाला, मऊ मांसाचा तुकडा. सगळी शास्त्रं शिकला तरी हातांनी सराव न केलेला माणूस कर्माला, म्हणजे प्रत्यक्ष उपचाराला, लायक नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. येलने त्याच विचाराला मोजपट्टी लावली.

मला एकजण नेहमी विचारतात, की अशा चाचणीत सराव न मिळालेल्या गटाच्या वाट्याला आलेल्या रुग्णांवर अन्याय नाही का झाला? प्रश्न रास्त आहे. पण त्या रुग्णांना मिळाली ती त्या काळची नेहमीचीच पद्धत होती. माझ्या पहिल्या रुग्णालाही तीच मिळाली. फरक एवढाच, की त्याच्या पोटात झालेली चूक कुणी मोजली नाही.