दोन दारांच्या दोन गाड्या

मंडळी, इथल्याच एका तरुण जोडप्यातल्या मुलानं मला मध्यंतरी विचारलं, "काका, माझदाची मियाटा घेऊ की बीएमडब्ल्यूची टू-सिरीज कूपे?" त्याच्या मोबाईलवर दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी होते. मियाटा १८१ हॉर्सपॉवर, टू-सिरीजमधली २३०आय कूपे २५५. त्याचं जवळपास ठरलंच होतं. मी म्हटलं, "अरे, वजनाची ओळ कुठे आहे?" ती त्यानं पाहिलीच नव्हती. आज मी त्या एका ओळीबद्दल बोलणार आहे.

मियाटा, म्हणजे माझदाची एमएक्स-५, मॅन्युअल गिअरची, भरते साधारण १०६५ किलो. २३०आय भरते १६०० च्या आसपास. आता भागाकार करा. मियाटाच्या एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला सहा किलोला जरा कमी येतात, बीएमडब्ल्यूच्या वाट्याला सव्वासहा. म्हणजे ७४ हॉर्सपॉवर जास्त होते, ते गाडीचं स्वतःचं अंग ओढण्यातच गेले. टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, इंजिनच्या कमी फेऱ्यांवरही बीएमडब्ल्यूचा रेटा मोठा आहे, टर्नपाईकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, ट्रकला ओव्हरटेक करताना तो कळतो, हे अगदी मान्य. पण ब्रेक लावताना इंजिन काय कामाचं? त्याच वेगावरून थांबायचं तर दीडपट वजनाला ब्रेकमध्ये दीडपट उष्णता. वळणावर टायरवर दीडपट ताण. मग टायर रुंद हवा, चाक मोठं हवं, ते पेलायला सस्पेन्शन भक्कम हवं. वजन वजनाला बोलावतं.

गंमत बघा, या कूपेचं घराणं जिच्यापासून सांगतात ती १९६८ ची '२००२' नावाची बीएमडब्ल्यू साधारण हजार किलोचीच होती. मियाटा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये आली तेव्हा तिचं वजन साडेनऊशेच्या आसपास. पस्तीस वर्षांत एअरबॅगा वाढल्या, अपघाताचे नियम कडक झाले, तरी माझदाच्या हिरोशिमातल्या इंजिनिअरांनी ती फक्त शे-सव्वाशे किलोनं वाढू दिली. मी स्वतः आयुष्यभर मशीन डिझाईनमध्ये काम केलंय. एखादा भाग जाड करणं सोपं असतं. तो बारीक ठेवून टिकवायचा म्हणजे कस लागतो. म्हणून मला या गाडीबद्दल मनापासून आदर आहे.

हिच्यात साधा ग्लोव्ह बॉक्ससुद्धा नाही. कागदपत्रं दोन सीटांच्या मध्ये, मागच्या छोट्या कप्प्यात. छत कापडी, मधली एक खिटी सोडली की बसल्या जागेवरून एका हातानं मागे ढकलायचं. गिअरचा दांडा इतका आखूड सरकतो की हात मनगटातूनच हलतो, आणि गिअर पडताना टक्कन लागतो तो तळहाताला कळतो. जपानीत यांचा एक शब्द आहे, 'जिनबा इत्ताई', घोडा आणि स्वार एक होणं. आपल्याकडे त्याला मांड बसणं म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट जर्विसच्या पुढे डेलावेअर नदीच्या कड्यानं जाणारा रूट ९७ आहे ना, हॉक्स नेस्टचा, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्यात बसणाऱ्या वेगात, तुमची मांड बसते. गाडीत आहे ते सगळं तिथे वापरता येतं. मोठ्या गाडीचं निम्मं बळ अशा रस्त्यावर पडूनच राहतं.

आणि तरीही कूपेचं वजन वाया गेलेलं नाही. ते शांततेत गेलंय, सीटांत गेलंय, मागच्या दोन जागांत आणि ३९० लिटरच्या डिकीत गेलंय. मियाटाची डिकी १३० लिटर, दोन छोट्या बॅगांत भरते. माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला मी हौसेनं मियाटातून फिरवलं. बसली कशीबशी. उतरताना दोन्ही गुडघे दुखत होते, एका हातात निऱ्या, दुसरा माझ्या खांद्यावर. तीन वेळा उठायचा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाली, "बाळा, मी चालतच येते रे." आईला ज्या गाडीतून उतरता येत नाही ती घरातली एकमेव गाडी असू शकत नाही. त्या दिवसापासून हे मी ठामपणे सांगतो.

म्हणून त्या मुलाला मी एवढंच विचारलं, घरात दुसरी गाडी आहे का? आहे म्हणाला, एसयूव्ही. मग मियाटा घे, आणि मॅन्युअलच घे. २३०आय मॅन्युअलमध्ये मिळतच नाही, आणि किमतीतला फरक दहा हजार डॉलरच्या वर आहे. त्या पैशात चांगले टायर, हिवाळ्यासाठी वेगळे टायर आणि कितीतरी वर्षांचं पेट्रोल येईल. एकच गाडी ठेवायची असती तर मी त्याला कूपेच सांगितली असती, तीही बाळाची सीट मागे बसवून पाहिल्यावर. दोनच दारं असलेल्या गाडीत पुढची सीट सरकवून, वाकून पट्टे लावणं रोज जमेल का, ते आधी बघायला हवं.

त्याची उंची सहा फूट एक इंच. शोरूममध्ये गेलास की सही करण्याआधी छत लावून अर्धा तास बस, असं सांगितलंय. क्लच दाबताना गुडघा स्टिअरिंगला लागतो का, ते बघ म्हटलं. शनिवारी जाणार आहेत दोघं.