ग्रेसला सगळेच विचारतात

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या क्रिकेटपटूंच्या छापील चित्रांबद्दल. लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात दर आठवड्याला एका नामवंताचं रंगीत चित्र यायचं. ९ जून १८७७ च्या अंकात आले इंग्लंडचे नामांकित क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस, दाढीसकट. खाली सही ‘स्पाय’, म्हणजे चित्रकार लेस्ली वॉर्ड. पुढच्या वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रेलियानं लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर एमसीसीला, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबला, एका दिवसात गुंडाळलं, आणि जुलैत त्यांचा गोलंदाज स्पॉफर्थ अंकात हजर!

आता माझा मावसभाऊ. दादरच्या शाळेतला, सध्या मुक्काम लंडन. तिथं सेसिल कोर्ट म्हणून एक गल्ली आहे, जुनी पुस्तकं आणि चित्रं विकणाऱ्यांची. हा गेला ग्रेस घ्यायला. भाव ऐकला आणि मुकाट्यानं शेजारच्या खोक्यातली चित्रं चाळू लागला. एका चित्राशी थबकला. १८८१ सालचे लॉर्ड हॅरिस! केंटचे कप्तान, आणि पुढं १८९० पासून आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. भाऊ एकदम म्हणाला, “अहो, यांच्या शील्डमध्ये मी शून्यावर आऊट झालोय!” दुकानदार बघतच राहिला. मग भावानं त्याला हॅरिस शील्ड, म्हणजे या साहेबांच्या नावाची मुंबईतल्या शाळांची क्रिकेट स्पर्धा, समजावली. त्याच स्पर्धेत १९८८ साली तेंडुलकर-कांबळीनं ६६४ धावांची भागी रचली, हेही ठणकावून सांगितलं. दुकानदार म्हणाला, “ग्रेसला सगळेच विचारतात. या साहेबांना विचारणारे तुम्ही पहिलेच.” भावात मात्र एक पौंड सोडला नाही.

बाकी या साहेबांचं कौतुक मला बेतानंच आहे. १८९३ ला मुंबईत दंगल पेटली तेव्हा हे पुण्यात, गणेशखिंडीला! टीका झाली ती उगाच नव्हे. राज्यकर्त्यांनी आधी गावाकडं बघावं, मग मैदानाकडं. असो.

हां, तर भिंग. चित्र घेताना भिंग हवंच. ही चित्रं दगडावरून छापलेली, शिळामुद्रण, रंगागणिक वेगळा दगड. भिंगाखाली ठिपके वेडेवाकडे, खडूनं ओढल्यासारखे दिसतात. ठिपके एका मापाचे, ओळीनं मांडलेले दिसले तर ती अलीकडची नक्कल. पुन्हा सांगतो: वेडेवाकडे ठिपके अस्सल, ओळीतले नक्कल. कागद साधारण १५ बाय १० इंच, वरच्या बाजूला अंकाची तारीख. पुष्कळांनी फ्रेममध्ये बसवताना ती तारीखच छाटून टाकली आहे, तेव्हा कडा बघून घ्या.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! आमच्याकडं लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट करतात. चिकटपट्टी नको, उन्हाची भिंत नको. हॅरिस साहेब सध्या भावाच्या जिन्यात टांगलेत. ग्रेससाठी पैसे साठवणं चालू आहे, वहिनींना अजून सांगितलेलं नाही. त्या हा कार्यक्रम ऐकत नसाव्यात, एवढीच आशा. नमस्कार.