वाळवंटातले हत्ती आणि टाकीभोवतीची भिंत

पत्रिकेवर विषय छापलाय 'वाळवंटी हत्ती: प्रसार आणि संवर्धनस्थिती'. त्याकडे येतोच. आधी एक गैरसमज निकालात काढू. वाळवंटी हत्ती ही वेगळी जात नव्हे. नामिबियाच्या वायव्येचे हे हत्ती आफ्रिकेतल्या सव्हाना हत्तींपैकीच. अंगावर मांस कमी, म्हणून पाय लांब दिसतात, एवढंच. पर्यटनवाले मात्र त्यांना 'दुर्मिळ प्रजाती' म्हणून विकतात. (नामिबिया म्हटल्यावर तुम्हाला कुनोचे चित्ते आठवले असतील. तोच देश.)

वेगळी आहे ती त्यांची माहितगारी. होआनिब, हुआब, उगाब या नद्या वर्षातून मोजके दिवस वाहतात. एरवी पात्रात नुसती वाळू. त्या वाळूत झिरा कुठे उकरायचा, हे कळपातल्या म्हातारीला ठाऊक. ती गेली की पोरींची पंचाईत.

पण खरं भांडण पाण्याच्या टाकीवरून. तिथल्या हेरेरो-दमारा जमातींच्या गुराख्यांच्या वस्तीवर एक बोअर, पंप, टाकी आणि जनावरांचा हौद असतो. एक मोठा हत्ती एका बैठकीत दीड-दोनशे लिटर पितो. दहांचा कळप आला की टाकीचा तळ दिसतो, आणि डिझेलचे पैसे गावाचे! हौद कोरडा मिळाला तर हत्ती वास काढत पाइप उपटतो, बॉलकॉक मोडतो आणि उरलंसुरलं पाणीही वाहून जातं.

उपाय साधा: बोअर, पंप, टाकी यांच्याभोवती दगड-सिमेंटची भिंत. हत्तीला उडी मारता येत नाही, त्यामुळे फार उंची लागत नाही. मात्र भिंत आणि टाकी यांच्यात सोंडेच्या पल्ल्याहून जास्त अंतर हवं. इथे हात आखडला की खर्च पाण्यात. आणि बाहेर हत्तींसाठी वेगळा हौद हवाच. तहानलेला हत्ती भिंतीलाच डोकं लावतो. आपल्याकडे हे काम निघालं असतं तर भिंतीचं उद्घाटन झालं असतं, हौद पुढच्या अंदाजपत्रकात! (सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचं दुखणं निराळं, तिथला हत्ती केळी-माडांसाठी येतो.)

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा पत्रिकेवरचा विषय भराभर. असे हत्ती मुख्यतः दोन ठिकाणी: नामिबियातल्या कुनेने-एरोंगो भागात आणि पश्चिम आफ्रिकेत माली देशाच्या गुर्मा भागात. गुर्मातले हत्ती पाणवठ्यांमागे वर्षभर शेकडो किलोमीटरची फेरी मारतात. 2012 नंतरच्या अशांततेत तिथे शिकार बोकाळली. आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या जातींची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, 2021 साली सव्हाना हत्ती 'संकटग्रस्त' ठरवला. वाळवंटातल्यांना वेगळा दर्जा नाही, कारण जात वेगळी नाही. नामिबियाच्या हजारोंच्या गणतीत उगाबचा छोटा कळप दिसतच नाही. सायटिसमध्ये, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, नामिबियाचे हत्ती 1997 पासून दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ठराविक गोष्टींचाच व्यापार, तोही परवानगीने चालतो. तिथल्या सरकारने डिसेंबर 2020 मध्ये 170 हत्ती विकायला काढले, 57 विकले गेले, त्यातले 22 जण 2022 साली संयुक्त अरब अमिरातीत गेले. 1996 च्या कायद्याने गावांना, त्यांच्या गावसंस्थांमार्फत, वन्यजीवांच्या उत्पन्नात वाटा मिळाला. आता तुम्ही विचाराल, या पैशातून भिंती का बांधत नाहीत? काही ठिकाणी बांधतात. पण पर्यटकांचा पैसा गावसंस्थेत जमा होतो आणि पाइप फुटतो एकट्या-दुकट्या वस्तीचा. उरलेले प्रश्न चहाला.