मजुरांच्या विमानाचे भाडे नक्की कोणी द्यायला हवे होते?

नमस्कार मंडळी. कायद्याचे शिक्षण या विषयावर मी काहीही बोललो, तरी खाली एक प्रश्न ठरलेला असतो: टाळेबंदीत लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनी मजुरांसाठी अख्खे विमान केले होते म्हणतात, ते खरे आहे का? खरे आहे. आज त्याविषयीच बोलायचे आहे, पण विमानापेक्षा त्याच्या भाड्याविषयी अधिक.

आधी घटना उरकून घेऊ, कारण ती तेव्हा सगळीकडे छापून आली होती. 28 मे 2020 रोजी पहाटे मुंबईहून रांचीला एक विमान निघाले. त्यात झारखंडचे पावणेदोनशेच्या आसपास मजूर आणि त्यांच्या घरची माणसे होती. विमान एअरएशिया इंडियाचे होते, पैसा बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उभा केला होता आणि मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी त्यांचे जाहीर आभार मानले. पाठोपाठ अशी आणखी विमानेही गेली.

‘माजी विद्यार्थ्यांनी’ हा शब्द कृपा करून ऐका. विद्यापीठाने विमान पाठवले असे प्रत्येक वेळी कोणीतरी लिहितेच. विद्यापीठ म्हणून त्या वर्षी ही संस्था गाजली ती वेगळ्याच कारणाने. कोविडमुळे सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे क्लॅट, पुढे पुढे जात होती. सत्र सुरू होण्याला उशीर होतो या कारणावरून संस्थेने 3 सप्टेंबरला स्वतःची वेगळी परीक्षा जाहीर केली आणि 12 सप्टेंबरला ती घरबसल्या संगणकावर घेतलीसुद्धा. 21 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि 28 तारखेला क्लॅट होऊन सर्वांचे प्रवेश त्यावरच झाले. ज्यांच्याकडे चांगले यंत्र नाही, नीट इंटरनेट नाही, त्यांना काही दिवसांच्या सूचनेवर अशा परीक्षेला बसवणे योग्य नव्हते असे माझे मत आहे. पण त्याचा राग मे महिन्यातल्या विमानावर काढण्यात अर्थ नाही.

दुसरी टिप्पणी अशी, की रेल्वे सुरू असताना विमानाची चैन कशाला. रेल्वे सुरू होती हे बरोबर. पहिली श्रमिक विशेष गाडी 1 मे रोजी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून निघाली आणि योगायोग असा, की तीही रांचीजवळच्या हटियालाच गेली. पण गाडीत बसायचे तर आपल्याकडे पोलीस ठाण्यात अर्ज करायचा, डॉक्टरकडून दाखला आणायचा, यादीत नाव लागण्याची वाट पाहायची आणि निरोप आला की मिळेल त्या वाहनाने स्थानक गाठायचे. ज्यांना हे जमले नाही ते चालत निघाले. 8 मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले, ते जालन्याहून भुसावळकडे, गाडी मिळेल या आशेने निघालेले होते. देशांतर्गत विमाने 25 मे रोजी सुरू झाली आणि त्यानंतर तिसऱ्याच दिवशी हे विमान गेले. ज्याला आयुष्यात कधी विमानतळाच्या आत जायची वेळ आली नाही, त्याचे वेब चेक-इन आधी करून ठेवणे, ओळखपत्रावरचे नाव आणि यादीतले नाव अक्षरशः जुळवणे, छापील टॅग नसेल तर जाड कागदावर नाव आणि पीएनआर लिहून तो पिशवीला बांधणे, कारण तेव्हाचा नियमच तसा होता, हे सगळे कोणीतरी बसून केलेले काम आहे. पैसे उभे करण्यापेक्षा मला त्याचेच अधिक कौतुक वाटते.

आता भाडे. ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी थोडा दम धरावा, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते.

(पडद्यावर: आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, 1979, कलम 15)

तेव्हा लागू असलेल्या या कलमाप्रमाणे ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या कामगाराला, त्याच्या घरापासून कामाच्या जागेपर्यंतच्या भाड्याहून कमी नसेल इतका प्रवास भत्ता ठेकेदाराने द्यायचा असे, आणि तो जाण्याचा तसाच परतीचाही. एवढ्यावर ते थांबत नव्हते. प्रवासाच्या काळात तो कामावर होता असे समजून त्याची मजुरीही द्यायची असे. हा कायदा 1979 चा होता. म्हणजे मे 2020 मध्ये परतीच्या भाड्यासाठी सरकारे एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि दूरचित्रवाणीवर केंद्राने किती टक्के द्यायचे आणि राज्याने किती, यावर तावातावाने चर्चा चालली होती, तेव्हा ते कोणी द्यायचे याचे उत्तर कायद्यात 41 वर्षांपासून लिहिलेले होते.

‘ठेकेदार पळून गेला तर काय?’ असे एका ताईंनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे आणि कायदा करणाऱ्यांनाही तो सुचला होता. कलम 18 सांगत होते, की ठेकेदाराने भत्ता दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून किंवा येणे म्हणून वसूल करायचा. मूळ मालक म्हणजे ज्याचे बांधकाम, ज्याचा कारखाना तो. इमारत जागेवर असते. तिचा मालक पळून जात नाही.

मग हे घडले का नाही? माझ्या घराशेजारी एका इमारतीचे काम चालू होते, तिथल्या मुकादमाला मी सहज विचारले, की कलम 12 प्रमाणे प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यावे लागते, ते दाखवता का. त्याने कमरेची वही काढली. तिच्यात डाव्या बाजूला ‘राजू’, ‘राजू छोटा’, ‘छपरावाला राजू’ अशी नावे, मध्ये हजेरीच्या उभ्या रेघा आणि उजवीकडे उचल. गावाचे नाव नाही, आडनाव नाही, फोन नाही. माणूस प्रेमळ होता, मजुरांना वेळेवर पैसेही देत असावा. पण त्या वहीवरून उद्या कोणाला किती भाडे द्यायचे हे कोणते न्यायालय ठरवू शकेल? आणि माजी विद्यार्थ्यांना विमानासाठी जी यादी जुळवावी लागली, ती कायद्याप्रमाणे ठेकेदाराच्या दप्तरात आणि सरकारी कार्यालयात तयार असायला हवी होती. कलम 15 कागदावर होते, कलम 12 ची नोंद नव्हती. आणि नोंदीशिवाय भाडे मागायचे कोणासाठी आणि किती?

तेच आता न्यायालयाच्या बाजूने पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली 26 मे रोजी आणि पहिला अंतरिम आदेश दिला 28 मे रोजी, म्हणजे रांचीचे विमान उतरले त्याच दिवशी. मजुरांकडून रेल्वेचे किंवा बसचे भाडे घेऊ नये, ते राज्यांनी आपसांत वाटून घ्यावे, वाटेत अन्नपाणी द्यावे, असा तो आदेश होता. त्या घडीला हेच करणे आवश्यक होते यात वाद नाही. पण परिणाम काय झाला ते लक्षात घ्या: विमानाचे पैसे वर्गणीदारांनी दिले, गाडीचे पैसे करदात्यांनी दिले, आणि ज्याच्यावर कायद्याने ते देण्याची जबाबदारी टाकली होती तो या हिशेबात कुठेच आला नाही.

‘वकिलांनी विमाने करण्यापेक्षा खटले लढावेत’ असे ज्यांनी लिहिले, त्यांना मी अर्धेच बरोबर म्हणेन. खटला चालून भाडे हातात पडेपर्यंत पावसाळा संपला असता. माणसाला घरी मे महिन्यात जायचे होते. मात्र ज्यांनी ‘केवढे मोठे दान’ असे लिहिले त्यांच्याशीही माझे भांडण आहे. भत्ता हा मजुराचा हक्क होता, आणि हक्काची रक्कम तिसऱ्याने भरली की ती उपकारासारखी दिसू लागते, हे कायदा शिकलेल्या मंडळींना इतरांहून अधिक ठाऊक असते.

कायद्यातली एक मोठी फट सांगायची राहिली. 1979 चा कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्यांनाच लागू होत होता. स्वतःच्या पायाने आलेला, नाक्यावर उभा राहून काम मिळवणारा मजूर त्यात बसत नव्हता, आणि ठेकेदाराने आणलेले कामगार पाचाहून कमी असले तर आस्थापनाही सुटत होती. सप्टेंबर 2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतः आलेल्या कामगारालाही जागा मिळाली, पण पाचाची मर्यादा दहावर गेली. ही संहिता लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 रोजी, आणि 1979 च्या कायद्याची जागा तिने घेतली. त्याआधी, 29 जून 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीला मुदत घालून दिली आणि ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले. वहीतल्या तिन्ही राजूंना तिथे आडनावासह नाव नोंदवता येते, मात्र त्या नोंदीमुळे ठेकेदाराकडून भाडे आपोआप वसूल होत नाही.

शेवटी नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न घेतो, कारण तो आजवर आलेल्या सगळ्या प्रश्नांत चांगला आहे: माजी विद्यार्थ्यांनी भरलेले भाडे त्यांना ठेकेदारांकडून परत मागता आले असते का? 1979 च्या कायद्याखाली नाही. प्रवास भत्ता मागण्याचा अधिकार कामगाराचा होता आणि भरलेली रक्कम वसूल करण्याचा अधिकार कलम 18 ने फक्त मूळ मालकाला दिला होता. मध्येच स्वखुशीने पैसे भरणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेखच नव्हता. करार कायद्याच्या कलम 69 खाली, दुसऱ्याचे कायदेशीर देणे भरणाऱ्याला ते परत मिळण्याची वाट आहे, पण ते भरण्यात त्याचा स्वतःचा हितसंबंध असावा लागतो, आणि नुसत्या सद्भावनेला न्यायालय हितसंबंध मानेल असे मला वाटत नाही. तुमचे मत वेगळे असेल तर खाली लिहा, मात्र कलमाचा आधार देऊन लिहा.