चार लाख एक

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन घ्या आणि एक संख्या लिहा: ४००००१. चार, पुढे चार शून्यं, शेवटी एक. मुंबईकरांना ती पाठ आहे, फोर्टातल्या जीपीओचा पिनकोड. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते. पिनकोडांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. आज आपण करू.

या संख्येला २, ३, ५ यांनी भाग जात नाही, हे बघताच कळतं. ७, ११ आणि १३ या तिघांना मात्र एकच कसोटी पुरते, कारण त्यांचा गुणाकार १००१. संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि वजाबाकी करायची. ४०० वजा १, उरले ३९९. याला ११ने भागलं तर ३ उरतात, १३ने भागलं तर ९. पण ७ने भाग पुरा जातो, सत्तावन्न वेळा. म्हणजे ४००००१ लाही ७ने भाग जाणार. भागून बघा: ५७१४३.

आता ५७१४३ फुटते का? पुन्हा तीच कसोटी: १४३ वजा ५७, म्हणजे ८६. तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही. इथे एक चूक हमखास होते. गट डावीकडून पाडले तर ५७१ आणि ४३ मिळतात, फरक ५२८, आणि ५२८ म्हणजे अकरा गुणिले अठ्ठेचाळीस! वाटतं, ११ने भाग गेला. प्रत्यक्षात ९ उरतात. गट पाडायचे ते एककाच्या बाजूनेच.

पुढे १७पासून एकेक मूळ संख्या घेऊन भागत जायचं. कुठवर? वर्गमूळापर्यंत. २३९चा वर्ग ५७१२१, आपल्या संख्येहून फक्त २२ने कमी. पुढची मूळ संख्या २४१, तिचा वर्ग ५८०८१, म्हणजे हद्दीबाहेर. तेव्हा १७ ते २३९, एकूण ४६ भागाकार. कंटाळवाणं काम खरं, पण शेवटचा भागाकार गाळू नका. समजा, आपली संख्या ५७१२१ असती. तिचा सर्वात लहान मूळ अवयव २३९च आहे. एक पायरी आधी थांबलात की तिला मूळ ठरवून मोकळे झालात.

आपल्या संख्येला मात्र सेहेचाळीसही वेळा बाकी उरते. ५७१४३ मूळच आहे. म्हणून ४००००१ला विभाजक चारच: १, ७, ५७१४३ आणि ती स्वतः.

या ७चा एक फायदा आहे. ४००ने सुरू होणारा कुठलाही पिनकोड घ्या, शेवटच्या तीन अंकांतून १ वजा करा. उरलेली संख्या सातच्या पाढ्यात असेल तर पिनकोडलाही ७ने भाग जातो. शीव ४०००२२, वांद्रे पश्चिम ४०००५०, पार्ले पूर्व ४०००५७, चेंबूर ४०००७१, बोरिवली पश्चिम ४०००९२: सगळे बसतात. गिरगाव ४००००४, तिथे ३ उरतात. आणि ठाणेकरांनो, तुमचा ४००६०१? ६००ला ७ने भागा, ५ उरतात.