पत्र्याखालचा मदरबोर्ड

[लॅमिंग्टन रोडवरचं दुरुस्तीचं टेबल. शेजारी शेजारी दोन बोर्ड.]

हे दोन्ही मदरबोर्ड एएमडीच्या एएम५ सॉकेटचे. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा. रायझन प्रोसेसर तोच. यावर बसतो, त्यावरही बसतो. डावीकडचा बी६५०. उजवीकडचा एक्स६७०ई, किंमत चौपटीहून जास्त. काळा पत्रा, त्यावर लोगो, लोगोखाली रंगीत दिवे.

स्क्रू निघाले. पत्रा बाजूला. आता हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि त्याखालचे थर्मल पॅड.

हा चिपसेट, बाकीच्या जोडण्या प्रोसेसरपर्यंत नेणारा भाग. बी६५०, एक्स६७०ई ही नावं त्याचीच. नीट बघा, चिप एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही सारख्याच. बी६५०वर यातलीच एक असते. एक्स६७० आणि एक्स६७०ईवर त्याच दोन, एकीच्या मागे दुसरी. यूएसबी, साटा (हार्ड डिस्कसाठी), एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीसाठी) यांची तोंडं त्यामुळे नक्कीच वाढतात. पण दोन्ही चिप्सची सगळी ये-जा प्रोसेसरपर्यंत होते ती पीसीआयई ४.०च्या, म्हणजे डेटाच्या जलद मार्गाच्या, त्याच चार लेनवरून. चाळीला मजले चढवले, जिना तेवढाच ठेवला.

२०२४मध्ये एक्स८७० आला. नाव मोठं झालं, चिप तीच, आणि तीही पुन्हा एकच. भर पडली ती यूएसबी४ सक्तीचं झाल्याची.

[कॅमेरा सॉकेटच्या कडेला.]

सॉकेटभोवतीचे हे करडे ठोकळे म्हणजे व्हीआरएमचे चोक, आत तारेची गुंडाळी असलेले. एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून, १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. ते उतरवून देणं हे व्हीआरएमचं काम. हे काम वाटून घेणाऱ्या तुकड्या म्हणजे फेज. महागड्या बोर्डाच्या खोक्यावर २० फेज, प्रत्येकी ११० अँपिअर. गुणाकार करा: २२००. या सॉकेटवरच्या १६ कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्सला एएमडीने घालून दिलेली कमाल मर्यादा २२५ अँपिअरची आहे, तीही क्षणभरासाठी. शिवाय हे २० म्हणजे बऱ्याचदा दहाच्या जोड्या, एका सिग्नलवर दोन दोन. भार वाटला जातो, व्हीआरएम थंड राहतो, हे खरं. पण ज्याला गेम खेळायचेत आणि थोडं एडिटिंग करायचंय, त्याने एवढ्या थंडाव्याचे पैसे का मोजायचे?

दुसरं टोकही आहे. हीटसिंक नसलेल्या, उघड्या व्हीआरएमच्या स्वस्तातल्या इंटेल बोर्डावर २४१ वॅटपर्यंत जाणारा इंटेलचा कोअर आय९-१२९००के बसवला, तर तापून वेग पडतो.

[ड्रॉवर उघडतो. जुने बोर्ड.]

आता हा बोर्ड. कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवून स्थिर ठेवणाऱ्या या छोट्या नळकांड्यांचे, माथे फुगलेत, एकाच्या तोंडाशी तपकिरी चिकटा वाळलाय. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रवाचे) कपॅसिटर जगभरच्या बोर्डांत गेले, आणि वर्षा-दोन वर्षांत मशीन आपोआप बंद पडू लागली. कारागीर बोर्ड उलटा करतो, दोन्ही पायांवर सोल्डरिंग आयर्न आळीपाळीने टेकवतो, कपॅसिटर हलवत हलवत उपसतो. भोकं साफ करतो. निगेटिव्हची पट्टी कुठल्या बाजूला, ते दोनदा बघूनच नवा घालतो.

त्या काळात खोक्यांवर ‘जपानी सॉलिड कपॅसिटर’, म्हणजे आत द्रव नसलेले, अशी अक्षरं आली. ती जाहिरात होती आणि खरीही होती. आज कमी किमतीच्या बोर्डावरही सॉलिड पॉलिमर कपॅसिटर सर्रास मिळतात. अक्षरं मात्र अजून छापतात.

[बोर्डाच्या कोपऱ्यात लाल आकडे.]

मशीन ऑन होतं, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार. या बोर्डावर आकडा आलाय ५५: रॅम सापडत नाही. कारागीर रॅम काढतो, सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतो, परत दाबून बसवतो. आकडे पळायला लागले, डिस्प्ले आला. ज्या बोर्डावर हा आकडा नसतो तिथे रॅमपासून सुरुवात करून एकेक सुटा भाग बदलून बघावा लागतो.

मागच्या पट्टीवर एक बटण आहे, बायोस फ्लॅशबॅकचं. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं, बोर्डावरच साठवलेलं सॉफ्टवेअर. जुन्या बोर्डावर नवा रायझन ९००० टाकला आणि बायोस जुनंच असलं, तर प्रोसेसर ओळखलाच जात नाही. मग कुणाकडून तरी जुना प्रोसेसर मागून आणायचा. बटण असेल तर बोर्डाला एसएमपीएस जोडायचा, एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर योग्य नावाची फाइल घालायची आणि बटण दाबून धरायचं. प्रोसेसर नसला तरी चालतं. मला विचाराल तर जास्तीचे पैसे इथे द्यावेत. आणि ही सोय आता बऱ्याच मधल्या किमतीच्या बोर्डांवरही आहे.

बोर्डावर उधळलेले पैसे ग्राफिक्स कार्डातून कापले जातात, ते वेगळंच.

[मॅन्युअल. बोट एका तक्त्यावर.]

विकत घेण्याआधी हे पान कंपनीच्या साइटवर उघडून वाचा. काही एक्स८७०ई बोर्डांवर जेन ५चा (पीसीआयई ५.०चा) दुसरा एम.२ स्लॉट वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनच्या ८ होतात. खोक्यावर सगळे एम.२ स्लॉट ठळक अक्षरात आहेत. ही ओळ तक्त्याखालच्या टिपेत.