राडारोडा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

मघाशी एका सेक्रेटरींनी विचारलं, "पाडकाम कंत्राटदाराचं, मग नोटीस सोसायटीला कशाला?" पुण्यात कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत पुनर्विकासाची कामं ज्या वेगानं निघताहेत, ते बघता हा प्रश्न इथल्या बऱ्याच जणांच्या दारी येणार आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ बघा. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला, तर ५,००० रुपयांपर्यंत दंड. हा गुन्हा काही करून होतो, तसाच आपल्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या मालमत्तेचा नीट बंदोबस्त न केल्यानंही होतो. ताबा एकाचा, देखरेख दुसऱ्याची, म्हणजे दोघंही कचाट्यात. फुटपाथवर राडारोड्याचा ढीग आहे, त्यातून सळया वर आल्यात आणि एक आजी पिशवी सांभाळत पीएमपीच्या बसपुढून भर रस्त्यातून चालल्यात. तिथं "मुकादमाला बजावलं होतं" एवढ्यावर सुटका नाही.

पण घाबरून जाऊ नका. फौजदारी कायद्यात एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सहसा दुसऱ्याला होत नाही. सोसायटीचा प्रत्येक सभासद काही आरोपी होत नाही. मात्र जे करणं कायद्यानं आपल्यावर बंधनकारक होतं ते केलं नाही, तर तो गुन्हा कंत्राटदाराचा नाही, आपला स्वतःचा. पाडकामात, दुरुस्तीत किंवा बांधकामात इमारत कोसळून जीव जाऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर कलम २९० खाली सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. २०१९ च्या जूनअखेरीस कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यानंतर तरी ही कलमं आपल्याला पाठ असायला हवी होती.

भरपाईच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. चांदणी चौकात (दिल्लीच्या, आपल्या नव्हे) १९५१ मध्ये घंटाघर कोसळून माणसं मेली. सुमारे ८० वर्षांचं बांधकाम, आणि त्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये सांगितलं की हमरस्त्यालगतच्या इमारतीचा धोका मालकाला ठाऊक नव्हता, तरी जबाबदारी त्याचीच.

आता करारातलं ते लाडकं कलम, "सर्व नुकसानीस कंत्राटदार जबाबदार राहील". जरूर घाला. आपण भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायला ते उपयोगी पडेल. पण करार तुमच्या दोघांतला. रस्त्यावरच्या माणसानं किंवा सरकारनं त्यावर सही केलेली नाही.

दंडाचे आकडे ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. खरा चाप भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १५२ मध्ये आहे. दंडाधिकारी मालकाला, भोगवटादाराला किंवा ज्याच्या हाती नियंत्रण आहे त्याला हुकूम देतात: ढीग हलवा, खड्ड्याला कुंपण घाला, भिंत उतरवा. हरकत असेल तर तिथंच मांडायची, या हुकमाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. हुकूम कायम झाल्यावरही पाळला नाही, तर दंडाधिकारी काम करवून घेतात आणि खर्च तुमच्याकडून वसूल होतो.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, कंत्राटदाराला तोंडी दम देऊ नका. तारीख आणि फोटोसह पत्र द्या, पोच घ्या, मुदत संपली की काम थांबवायला सांगा. रात्री १० ते सकाळी ६ ब्रेकर चालू दिसला, तर पत्राची वाट न बघता तेव्हाच बंद करायला लावा.